फक्त पांढऱ्या डागांवर

१

चांदणी गोठ्याबाहेरच्या जांभळीखाली मरून पडली होती. मान आखडलेली, जीभ दातांत अडकलेली. पण सावरपाड्यातलं कुणीच तिच्या तोंडाकडे बघत नव्हतं. जो तो तिच्या अंगाकडे बघत होता.

गाय काळीपांढरी होती. अंगावर जिथे जिथे पांढरं होतं, तिथली कातडी फुटून, सुटून लोंबत होती. आतलं लाल मांस दिसत होतं आणि त्यावर माशा बसल्या होत्या. काळ्या डागांवर मात्र एक केससुद्धा विस्कटला नव्हता. जणू कुणी बसून, रेघ आखून, तेवढंच पांढरं सोललं होतं.

डॉ. भाग्यश्री भेरे गाडीतून उतरली आणि गर्दीने तिला वाट दिली. शहापुरात सरकारी पशुवैद्य म्हणून तिला चार वर्षं झाली होती. माहेर मुरबाडकडचं, वैशाखऱ्याचं, त्यामुळे गुरं तिने लहानपणापासून पाहिलेली. असलं मरण तिनेही पाहिलं नव्हतं.

"ॲसिड वतलंय, बाई," दीपेश पष्टे म्हणाला. चांदणी त्याच्या आईची. तिशीतला गडी, डोळे रडून आणि जागून लाल झालेले. "मुक्या जनावरावर ॲसिड! ज्यानं केलंय त्याचं हात तोडतो की नाय बघा."

गोठा बायकांच्या बचत गटाचा. दिवाळीनंतर पाच बायकांनी पाच गाई घेतल्या होत्या आणि गटाची अध्यक्ष रेश्मा वेखंडे हिच्या घराशेजारी सगळ्यांचा मिळून एकच गोठा घातला होता. दूध वाशिंदच्या नव्या इमारतींत जायला लागलं होतं. आता त्या पाचांतली एक मेली होती आणि आणखी दोघी, गोदी आणि हरणी, मान खाली टाकून उभ्या होत्या. त्यांच्याही पांढऱ्या डागांवर लाली चढली होती. उरलेल्या दोघी काळ्याभोर, त्या नुसत्या मलूल दिसत होत्या.

"मला आधी का नाही बोलावलंत?" भाग्यश्रीने विचारलं.

रेश्माने पदराने नाक पुसलं. "ह्ये म्हनले, ऊन लागलंय, उतरंल. आज मीच ह्यांना न सांगता फोन केला."

'ह्ये' म्हणजे तिचा नवरा आदेश. वाशिंदच्या कारखान्यात कामाला जाणारा, शांत माणूस. तो गोठ्याच्या खांबाला टेकून उभा होता. त्याने मान वर केली नाही.

तेवढ्यात पाड्याच्या खालच्या टोकाकडून आरडाओरड ऐकू आली. दोन पोरं धावत आली. एकाच्या हातात फडक्यात गुंडाळलेली काचेची बाटली होती, ॲसिडची.

"घावली! बाईजाच्या कुडात खोचलेली व्हती!"

२

बाईजा मेंगाळ पाड्याच्या टोकाला एकटी राहत होती. नवरा गेलेला, मूल नाही, आठ-दहा शेळ्या आणि कारवीच्या कुडाचं खोपटं. जीभ तिखट. होळीच्या आधी गटाच्या एका गाईने तिचा वालाचा तुकडा तुडवला, तेव्हा ती सगळ्यांसमोर रेश्माला म्हणाली होती, "तुझ्या गाईंचं वाटोळं व्हईल!" आज ते वाक्य पाड्यातल्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं.

"थांबा," भाग्यश्री ओरडली. "ॲसिड नाही हे."

दीपेश वळला. "मंग काय?"

"ॲसिडला काळं-पांढरं कळतं का? शिंपडलं तर ओघळ येतील, शिंतोडे उडतील, काळ्यावरही भाजेल. इथे बघा, डागाची कड जिथे संपते तिथेच जखम संपते. कुणाचाही हात इतका नेमका चालत नाही."

ती हे समजावायला बोलली होती. पण गर्दीत दुसरीच कुजबुज सुरू झाली.

"मंजे मानसाच्या हातचं नाय."

"करणी हाय."

"तिच्या शेळ्या बघा कशा धडधाकट हायेत. रोज डोंगराव जातात. एक तरी मेली का?"

दीपेशने बाटली जमिनीवर ठेवली. तो आता ओरडत नव्हता, आणि ते जास्त भीतीदायक होतं. "दुपारनंतर गावकी बसंल. बाईजाला आनू. तिनं कबूल करायचं."

भाग्यश्रीने पोलिस ठाण्याला फोन लावला. सगळी माणसं यात्रेच्या बंदोबस्तात अडकली होती. येतो म्हणाले, पण संध्याकाळ होईल. तोवर इथे काय होईल याची तिला कल्पना होती. अशा बैठका कशा सुरू होतात आणि कशा संपतात, हे तिने वैशाखऱ्याच्या बाजूला एकदा जवळून पाहिलं होतं.

तिने चांदणीची तपासणी करायला घेतली. पोट उघडलं तशी बघणारी माणसं मागे सरली. आतली चरबी, पडदे, सगळं हळदीत बुडवल्यासारखं पिवळं होतं. काळीज, म्हणजे यकृत, सुजलेलं, पित्ताची पिशवी नारळाएवढी फुगलेली. कुठलं तरी विष काळजात गेलं होतं. काळीज बिघडलं की जनावराच्या रक्तात असं काही साचतं, की ऊनच त्याला जाळतं. काळी कातडी ऊन अडवते, पांढरी अडवू शकत नाही. कोडं अर्धं सुटलं होतं: पांढऱ्या डागांवर हात कुणी लावलाच नव्हता. ते काम सूर्याने केलं होतं.

"गोदीला, हरणीला आत काळोखात घ्या," ती ओरडली. "दारं-खिडक्यांवर गोणपाट टाका. एक कवडसाही नको."

मग तिने गाईच्या पोटातल्या चाऱ्याची मूठ घेतली. सगळा चारा यंत्रात कापून बारीक केलेला, कुट्टी. तिने तो पाण्यात कालवला आणि तुकडे वेगळे केले. बहुतेक पेंढा, थोडं गवत. आणि मधूनमधून पानांचे चुरे, खरखरीत, कडेला बारीक दाते असलेले. तिने एक तुकडा बोटांत चुरडला आणि नाकाशी नेला. इतक्या घाणीतही तो उग्र वास लपला नाही.

घाणेरी.

लाल-पिवळ्या फुलांचं ते झुडूप. कधीकाळी परक्या मुलखातून बंगल्यांच्या कुंपणाला शोभा म्हणून आणलेलं, आणि पाखरांनी बी नेऊन टाकल्यामुळे आता सगळा डोंगर व्यापून बसलेलं. त्याच्या पानांत विष असतं. पण रानात फिरणारं कुठलंही जनावर घाणेरीला तोंड लावत नाही. वासानेच मागे सरतं.

या गाई तर रानात जातच नव्हत्या. त्या दावणीला बांधलेल्या असायच्या. म्हणजे घाणेरी त्यांच्याकडे चालत आली नव्हती. कुणीतरी ती त्यांना खाऊ घातली होती.

३

गोदी आडवी झाली तेव्हा रेश्मा तिच्या मानेखाली हात घालून बसली. ती तिची स्वतःची गाय. भाग्यश्रीने शिरेत सलाइन लावलं, कोळशाची पूड पाण्यात कालवून नळीने पोटात घातली. करता येण्यासारखं तेवढंच होतं.

"चारा कोण घालतं?"

"सासरे डोंगरावरनं हिरवा भारा आनतात. ह्ये पहाटे ड्युटीला जायच्या आधी मशीनमधून कुट्टी काढतात. पेंढा, पेंड घालून कालवतात. घालते मी."

"कुट्टीला घाणेरीचा वास यायचा का?"

"पेंडीचा यायचा. आनी घाणेरीचं म्हनाल तर, बाई, गोठ्याच्या मागं सगळी तीच हाय. आमाला तो वास आता वास वाटतच नाय."

गव्हाणीत आज फक्त सुका पेंढा होता. भाग्यश्रीने गव्हाणीच्या तळाला बोट फिरवलं. सिमेंट स्वच्छ होतं, कोपरे खरवडून धुतलेले.

"हे कधी धुतलं?"

रेश्माने आठवून सांगितलं, "चांदणीनं खानं सोडलं ना, त्याच दिवशी. मी सकाळी आले तर धुऊन झालेली. उरलेली कुट्टी पन नव्हती. मला वाटलं ह्यांनी साफ केली. तवापासनं हिरवा चारा बंदच हाय. ह्ये म्हनाले, गाईंना पचत नाय."

चांदणीने खाणं सोडलं त्या दिवशी कातडी सोललेली नव्हती. गाय मरेल असं कुणाला वाटलंही नव्हतं. आणि तरी कुणीतरी गव्हाण खरवडून धुतली होती, हिरवा चारा बंद केला होता. चाऱ्यात काय आहे ते त्या माणसाला ठाऊक होतं. आणि ठाऊक असूनही त्याने डॉक्टरला बोलावू दिलं नव्हतं.

ती घराच्या पडवीत गेली. रेश्माचे सासरे गणूबाबा चुलीजवळ बसले होते. सत्तरी ओलांडलेले, अंगाने काटक, डाव्या डोळ्यात मोतीबिंदूचा पांढुरका पडदा, उजव्यालाही अंधूकच दिसणारं. तिला बघून ते उठले.

"बसा, डॉक्टरबाई. च्या ठेवतो. तुमी सकाळधरनं उपाशी."

"बाबा, हिरवा चारा कुठून आणता?"

"कातळमाळावरनं. दुसरीकडं कुठं जानार? माझा बा तिथंच कापायचा. मारवेल, पवन्या, कमरंइतकं गवत. खालचं संपलं की होळीनंतर मी वर जातो. डोळं मिटून जाईन." ते हसले. "गाई घेतल्या तवा रेश्मा म्हनाली, चारा कुठनं आनायचा? मी म्हनलो, तुझा सासरा मेला नाय अजून."

"चाऱ्यात दुसरा पाला येतो का?"

"थोडा येनारच. घाणेरी आली तर हाताला वास लागतो ना, फेकून देतो. आदेशला ल्हानपनीच शिकवलंय, घाणेरी जनावरापुढं टाकायची नाय." त्यांचा आवाज उतरला. "बाईजा असं करनार नाय वो. पन तिच्या कुडात बाटली घावली. मानसाचं काय सांगावं?"

मागे चुलीवर दूध उतू जाऊन पातेल्याच्या तळाला लागलं होतं. पडवीभर जळका वास पसरला. गणूबाबा बोलतच राहिले. शेवटी भाग्यश्रीनेच उठून पातेलं उतरवलं.

"अरं द्येवा," ते ओशाळून म्हणाले, "दिसलंच नाय."

बाहेरून रेश्माची किंकाळी आली. गोदी गेली होती.

४

दुसरी गाय मेल्याची बातमी पाड्यात पोचायला वेळ लागला नाही. भाग्यश्री बाईजाच्या खोपटापाशी आली तेव्हा चार-पाच जण तिथे आधीच पहाऱ्याला बसले होते. दार आतून लावलेलं होतं.

"मावशी, मी गुरांची डॉक्टर."

आतून आवाज आला. "मी जनावर नाय. मला डॉक्टर कशाला?"

"बाटली तुमच्या कुडात कुणी ठेवली?"

दार बोटभर उघडलं. एक सुरकुतलेला गाल आणि एक डोळा दिसला. भ्यालेला होता, पण झुकलेला नव्हता. "कुडाला हज्जार भोकं. मी शेळ्यांमागं दिवसभर रानात. कोन काय खोचतो, मला काय ठावं? मी शिवी दिली व्हती. शिवीनं गाय मरती तर ह्या पाड्यात एक मानूस जित्ता ऱ्हायला नसता."

दार पुन्हा बंद झालं. कडी लागल्याचा आवाज आला. मग काहीतरी जड वस्तू, बहुधा पाटा, दाराला लावल्याचा.

ॲसिडची बाटली पाड्यात एकाच ठिकाणची असणार. रस्त्यालगत सुयोग हरड दूध गोळा करायचा. दुधातलं फॅट मोजायला त्याच्याकडे ते ॲसिड असायचं. बायकांच्या गटाने थेट वाशिंदला दूध द्यायला सुरुवात केल्यावर त्याचा धंदा बसला होता. आता थोडं उरलेलं दूधच त्याच्याकडे यायचं. राग असायला त्याला कारण होतं.

"बाटली माझीच," सुयोग लगेच म्हणाला. कपाळावर घाम होता. "पण मी सकाळपासून गप्प बसलोय, कारण मला माहितीय, पुढचं नाव माझं येणार."

"ती कधी गेली?"

"फॅट मोजायचं मशीन घेतल्यापासून बाटली कपाटात पडून होती. परवा संध्याकाळी लाइट गेली, मशीन बंद. म्हणून काढली आणि जुन्या पद्धतीने फॅट काढलं. नंतर इथेच टेबलावर राहिली. काल सकाळी दूध घेऊन झालं आणि बघतो तर नाही."

"परवा संध्याकाळी बाटली तुमच्या हातात होती? नक्की?"

"नक्की. लोक दूध घालताना चांदणीचीच गोष्ट बोलत होते. त्या सकाळी तिची कातडी फुटली होती ना."

गाईची कातडी सकाळी फुटली आणि बाटली संध्याकाळी इथे होती. म्हणजे बाटलीचा गाईशी संबंधच नव्हता. जखमा बघून, ॲसिडसारख्या दिसतात हे ओळखून, कुणीतरी ती नंतर उचलली होती आणि बाईजाच्या कुडात खोचली होती. एका निरपराध बाईवर खापर फोडण्यासाठी.

"काल सकाळी कोण कोण आलं?"

"दीपेश आला. पष्ट्यांच्या दोन सुना. आणि सगळ्यात आधी..." सुयोग थांबला. "बाई, मी सांगितलं म्हणून माझं नाव घेऊ नका."

"सगळ्यात आधी कोण?"

"आदेश."

५

आदेशने स्वतःच्या बायकोच्या गाई का माराव्यात? याचं उत्तर तिला सापडत नव्हतं. ते उत्तर हातात नसताना गावकीपुढे त्याचं नाव घेतलं असतं, तर कुणी विश्वास ठेवला नसता. उन्हं कलायला लागली होती. ती कातळमाळाची वाट चढली.

पायवाट जुनी होती, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी दगड गुळगुळीत झालेले. पण दोन्ही बाजूंनी घाणेरी अंगावर येत होती. ती जिथे संपे तिथे रानमोडी सुरू होई, तीही बाहेरूनच आलेली. भाग्यश्रीने वाकून एका जाळीखाली बघितलं. तिथे जमीन उघडी, काळपट, मेल्यासारखी होती. गवताची एक काडी नाही, करवंदीचं रोप नाही, मुंग्यांचं वारूळही नाही. माळावर पोचेपर्यंत तिला एक तितर ऐकू आला नाही.

वर मोकळी जागा होती. गेल्या हिवाळ्यात वणवा अडवायला कुणीतरी पट्टा साफ केला होता. तोडलेल्या घाणेरीला आता कोवळे, लुसलुशीत धुमारे फुटले होते, अजून काटे न धरलेले. त्यांच्यामधून मारवेलचे विरळ झुबके तग धरून होते. आणि पट्ट्याच्या मधोमध विळ्याने कापल्याच्या ताज्या खुणा होत्या.

ती गुडघ्यांवर बसली. एकेका मुठीच्या सरळ ओळी. सराईत हात. मूठ धरायची, कापायची, पुढे सरकायचं. गवत आणि घाणेरीचे धुमारे एकाच मुठीत, एकाच घावात कापलेले. ज्याला विष द्यायचं असतं तो घाणेरी शोधून कापतो, आणि ती तर खाली गोठ्यामागेच होती. त्यासाठी एवढा डोंगर कोण चढेल? इथे कापणारा माणूस गवतासाठी आला होता. आपण गवत कापतोय, असंच त्याला वाटत होतं.

जळक्या दुधाचा तो वास तिला आठवला. 'दिसलंच नाय,' म्हातारा म्हणाला होता. दिसलं नाही हे खरं. पण वास?

मागे दगड घरंगळला. आदेश उभा होता. हातात कोयता.

६

"कोयता खाली ठेव, आदेश."

त्याने हाताकडे असं पाहिलं, जणू तो कोयता दुसऱ्याच कुणाचा होता. "घाणेरी तोडायला आनला. म्हनलं तुमी यायच्या आधी ह्यो पट्टा साफ करतो." त्याने तो टाकला आणि मटकन खाली बसला.

"बाबांना वास येत नाही," भाग्यश्री म्हणाली. "कधीपासून?"

"त्या मोठ्या तापात गेला. करोनात. कुनाला बोलला नाय. मला पन म्हाईत नव्हतं." तो खाली बघून बोलत होता. "चांदणीनं खानं सोडलं त्या दिवशी मी भारा नीट सोडून बघितला. अर्धी घाणेरी! मी म्हनलं, बाबा, ह्यो कसला वास? तो म्हनाला, मारवेलचा, दुसरा कसला. हसून म्हनाला, बाई. तवा मला कळलं. मला रोज वास यायचा, मला वाटायचं गोठ्यामागचाच. घाईत ढकलायचो मशीनमधी."

"आणि तू गव्हाण धुतलीस."

"मला वाटलं चारा बंद केला की बरी व्हतील. त्याला कळलं असतं ना, आपल्या हातानं... गाई घ्यायला सगळ्यात जास्त तोच नाचला. कातडी फुटली, लोक ॲसिड ॲसिड करायला लागले, आनी मला..."

"त्याच दिवशी मला फोन केला असतास तर चांदणी वाचली असती. गोदी नक्की वाचली असती," ती म्हणाली. तिचा आवाज रागाने चढला. "बापाला वाचवायला तू खाली एका बाईला मरायला बसवलंयस. तिला आधार नाही म्हणून तिचं खोपटं निवडलंस ना?"

आदेशने दोन्ही हातांत तोंड लपवलं. खालून पाड्याकडून डबा वाजवल्याचा आवाज आला. गावकी जमत होती.

"चल," भाग्यश्री म्हणाली. "तू बोल, नाहीतर मी बोलते. पण मी बोलले तर सगळं बोलेन."

ते उतरले तेव्हा बाईजाला देवळापुढच्या पटांगणात आणून बसवलं होतं. खोपट्याचा कूड एका बाजूने फोडलेला लांबूनही दिसत होता. तिच्या कपाळावर खोक पडली होती आणि तिने ती पुसलीही नव्हती. दीपेश समोर उभा होता. बायका मागे, पुरुष पुढे, आणि पाराच्या कडेला काठी धरून गणूबाबा.

भाग्यश्री सरळ आत शिरून बाईजाच्या शेजारी खाली बसली. मग तिने सांगितलं, मोठ्याने, एकेक करून. ऊन पांढऱ्यालाच का जाळतं. गाय आतून का पिवळी पडली. गाई मेल्या त्या घाणेरीने. बाईजाच्या शेळ्या मोकळ्या फिरतात, त्या पान निवडून खातात, म्हणून जगल्या. कुट्टीत बारीक झालेलं पान दावणीच्या गाईला निवडता येत नाही. आणि बाटली? सुयोग मागून पुढे आला आणि त्याने परवाची संध्याकाळ सांगितली.

दीपेशच्या कपाळावरची शीर उडत होती. "मंग कुट्टीत घाणेरी टाकली कुनी? बाटली खोचली कुनी?"

आदेश पुढे आला. "मी," तो म्हणाला. "दोनी मीच. मी वरनं घाणेरी कापून आनली, चुकून. आनी लपवायला बाटली बाईजाच्या कुडात ठेवली. तिचा काय बी दोष नाय."

दीपेशने त्याची कॉलर धरली. रेश्मा "अवो" म्हणून ओरडली. भाग्यश्री उठायला गेली, पण त्याच्या आधी दुसराच आवाज आला.

"आदेश, तू डोंगराव कवा गेलास रे?"

गणूबाबा काठी टेकत मधे आले. सगळ्यांचे हात थांबले.

"चारा तर मी आनतो," म्हातारा म्हणाला. "तुला माळाची वाट तरी धड ठावं हाय का?"

बापाने त्याच्या तोंडाकडे बराच वेळ एका डोळ्याने बघितलं. मग त्याने भाग्यश्रीच्या पिशवीतून बाहेर आलेला, तिने माळावरून कापून आणलेला धुमारा उचलला. पान चुरडलं. नाकाशी धरलं. पुन्हा चुरडलं, पुन्हा धरलं, दीर्घ श्वास घेतला. त्याचा हात खाली आला.

तो बाईजासमोर उकिडवा बसला आणि पान तिच्यापुढे धरलं.

"बाईजा गो, तू सांग. ह्येला वास येतो का?"

बाईजाने पानाकडे पाहिलंही नाही. वास दोघांच्या मधल्या हवेत पसरला होता. "येतो," ती म्हणाली. "घाणेरीचा."

म्हाताऱ्याने मान हलवली. डोळ्यांतून पाणी आलं ते त्याने पुसलं नाही. "कमरंइतकी मारवेल व्हती गो तिथं. तूच कापलीयस माझ्यासंगं." मग त्याने दोन्ही हात जमिनीला टेकवले आणि डोकं तिच्या पायांपाशी नेलं. दीपेशने आदेशची कॉलर सोडली आणि तोंड फिरवलं.

त्या संध्याकाळी पोलिस आलेच नाहीत. हरणी जगली. आठवडाभर ती काळोखात होती. रेश्मा रोज तिच्या फाटलेल्या कातडीला मलम लावत होती आणि नवऱ्याशी एक शब्द बोलत नव्हती. तिसऱ्या दिवशी भाग्यश्री औषध द्यायला आली, तेव्हा बाईजा रस्त्यावर गाडीची वाट बघत उभी होती. कपाळाला पट्टी, अंगावर धुतलेलं लुगडं.

"मला ठान्यात न्या," ती म्हणाली. "ज्यानं बाटली ठेवली त्याच्या नावानं लिवायचं हाय. आनी ज्यांनी माझा कूड फोडला त्यांच्या बी. म्हाताऱ्यावर माझा राग नाय. पन लेकाला मी सोडनार नाय."

"चला, मावशी."

ती मागच्या सीटवर बसली. भाग्यश्रीने गाडी सुरू केली, आणि वेखंड्यांच्या पडवीतून काठीचा आवाज आला. गणूबाबा पायरी चाचपत उतरत होते. डोक्यावर टोपी, खांद्यावर स्वच्छ उपरणं. मागे दारात आदेश उभा होता. तो बापाला अडवायला पुढे आला नाही.

म्हाताऱ्याने पुढचं दार हाताने शोधलं आणि उघडलं.

"साक्षीदार लागंल ना तिला?" तो म्हणाला. "मी येतो."